नाताळची पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की नाताळच्या वाचनाबद्दल तेच तेच प्रश्न येऊ लागतात. ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाताळचं म्हणून आयुष्यात एकच पुस्तक वाचायचं, तर कुठलं?

चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’. उत्तर ठरलेलं आहे, पण त्याला इलाज नाही. १९ डिसेंबर १८४३ रोजी ते लंडनमध्ये बाजारात आलं आणि पहिल्या छपाईच्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. इंग्रजी मजकूर साधारण २८,००० शब्दांचा आहे, म्हणजे शंभर-सव्वाशे पानं. एका रविवारात वाचून होतं.

सिनेमे पाहून लोकांना वाटतं तेवढं ते गोड नाही. कंजूष म्हातारा स्क्रूज, तीन भुतं आणि शेवटी हृदयपरिवर्तन एवढंच त्यात असतं, तर ते पुस्तक केव्हाच विस्मरणात गेलं असतं. त्याचा खरा विषय पैसा आणि भूक आहे. स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट याला आठवड्याला १५ शिलिंग मिळतात आणि पुस्तकाची किंमत होती ५ शिलिंग. ज्याच्या घरची ही गोष्ट, त्याला ती विकत घ्यायला आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता.

२. ‘कॅरोल’ची बाजारात ढिगानं पुस्तकं आहेत. पूर्ण मजकुराची प्रत कशी ओळखायची?

तीन गोष्टी बघा. पहिली, प्रकरणांची नावं. डिकन्सनं त्यांना ‘चॅप्टर’ म्हटलेलं नाही, ‘स्टेव्ह’ म्हटलं आहे. पुस्तक म्हणजे एक गाणं, म्हणून प्रकरणं म्हणजे त्याची कडवी. ती पाच आहेत. अनुक्रमणिकेत ‘चॅप्टर’ दिसला की प्रत सोपी किंवा छोटी केलेली असण्याची शक्यता मोठी. दुसरी, पहिलं वाक्य. मार्ली (स्क्रूजचा भागीदार) मेलेला होता, इथपासून मूळ पुस्तक सुरू होतं. तिथे थंडीचं किंवा बर्फाचं वर्णन असेल तर पुस्तक खाली ठेवा. तिसरी, पानं. मोठ्या टायपात साठ पानांत आटोपलेली प्रत पूर्ण असूच शकत नाही.

मुखपृष्ठावर किंवा आत बारीक अक्षरात ‘रीटोल्ड’ किंवा ‘अब्रिज्ड’ छापलेलं असतं. ऑनलाइन मागवताना ते फोटोत दिसत नाही, म्हणून आतल्या पानांचा नमुना उघडून बघा. मूळ आवृत्तीत जॉन लीचची चित्रं होती. ती असलेली प्रत मिळाली तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

३. डिकन्सचं इंग्रजी जड जातं. दोन पानांतच दम लागतो. काय करू?

मनातल्या मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा. हे पुस्तक कानासाठी लिहिलेलं आहे. लांबलचक वाक्यं डोळ्यांना छळतात, पण तोंडानं म्हटली की आपोआप श्वासाच्या जागा सापडतात. डिकन्स स्वतः त्याचे जाहीर प्रयोग करायचा. डिसेंबर १८५३ मध्ये बर्मिंगहॅमला केलेलं पहिलं वाचन जवळजवळ तीन तास चाललं. पुढे कात्री लावत लावत त्यानं ते सुमारे दीड तासावर आणलं. लेखकानंच गाळलं आहे, तेव्हा तुम्हीही निर्धास्त गाळा. सुरुवातीचा हॅम्लेटचा दाखला आणि तिसऱ्या कडव्यातले भाच्याच्या घरचे खेळ थोडक्यात आवरले तरी गोष्टीला धक्का लागत नाही.

घरात रोज वाचायचं तर १९ डिसेंबरला सुरू करा. पाच कडव्यांना सहा संध्याकाळी लागतात, कारण तिसरं कडवं सगळ्यांत मोठं आहे आणि एका बैठकीत घेतलं की मुलं झोपतात. १९ ला पहिलं, २० ला दुसरं, २१ आणि २२ ला तिसरं अर्धं-अर्धं, २३ ला चौथं, २४ ला पाचवं. शेवटचं सगळ्यांत छोटं आहे, म्हणजे २४ च्या रात्री बाकीच्या गडबडीतही जमतं.

अडणारे शब्द मोजके आहेत. ‘काउंटिंग हाउस’ म्हणजे पेढी. ‘वर्कहाउस’ म्हणजे गरिबांना डांबून, घरच्यांची ताटातूट करून, कामाच्या बदल्यात जेवण देणारी जागा. १८३४ च्या कायद्यानं त्या आणखी कडक झाल्या होत्या आणि डिकन्सचा राग त्यावरच आहे. ‘हंबग’चं भाषांतर बऱ्याच जणांकडून ‘बकवास’ होतं, पण नेमका शब्द ‘थोतांड’. स्क्रूजला नाताळ कंटाळवाणा वाटत नाही, त्याला तो ढोंगीपणा वाटतो. हा फरक सुटला की त्याचं बोलणं नुसतं खेकसणं होऊन बसतं.

४. आपल्याकडे ना बर्फ, ना शेकोटी. ही पुस्तकं परकी वाटत नाहीत का?

बर्फावर लक्ष ठेवलं तर वाटतात. स्वयंपाकघराकडे बघा.

‘कॅरोल’च्या तिसऱ्या कडव्यात क्रॅचिटांचं जेवण आहे. घरी भट्टी नाही, म्हणून हंस बेकरीत भाजायला दिलेला. पोरं बेकरीपाशी वास घेऊन धावत येतात, तो आपलाच हंस म्हणून. हंस एवढासा, मग सफरचंदाची चटणी आणि कुस्करलेले बटाटे घालून पंगत भागवलेली. पुडिंग शिजतं कपडे उकळायच्या हंड्यात, त्यामुळे झाकण काढल्यावर आधी धुण्याच्या दिवसासारखा वास येतो. पुडिंग लहान आहे हे सगळ्यांना दिसतं आणि कोणी म्हणत नाही. प्यायला दोन ग्लास आणि कान तुटलेला एक कप, एवढीच त्या घरातली काचेची भांडी. दिवाळीचा फराळ हात राखून केलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातलं काय परकं वाटेल?

५. एका बैठकीत, चहा संपेपर्यंत वाचून होईल असं काही?

ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’. १९०५ ची, जेमतेम दोन हजार शब्दांची. नाताळच्या आदल्या दिवशी डेलाच्या हातात १ डॉलर ८७ सेंट आहेत, त्यातले ६० सेंट सुट्या पेनींत, वाण्याशी आणि भाजीवाल्याशी घासाघीस करून एकेक वाचवलेले. ती ते तीनदा मोजते. शेवट ज्यांना आधीच ठाऊक आहे त्यांनी फक्त आकड्यांकडे लक्ष देऊन पुन्हा वाचावी: घरभाडं आठवड्याला ८ डॉलर, नवऱ्याचा पगार ३० वरून २० वर आलेला.

चेकॉव्हची ‘वान्का’ (१८८६) त्याहून छोटी. मॉस्कोत चांभाराकडे उमेदवारीला ठेवलेला नऊ वर्षांचा पोरगा नाताळच्या आदल्या रात्री आजोबांना पत्र लिहितो. वाचायला दहा मिनिटं लागतात. शेवटची ओळ कोणाला आधी सांगू नका आणि लहान मुलांसमोर एकदम वाचायला घेऊ नका (प्रश्न ७).

६. मराठीत काय आहे?

अपेक्षेपेक्षा जुनं आणि जास्त. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, आणि त्याच वाटेनं आलेलं पहिलं मोठं पुस्तक म्हणजे फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राचोलला त्यानं हे ओवीबद्ध पुराण छापलं. दोन पुराणं, ३६ आणि ५९ अवस्वरू (अध्याय), मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या शाळेच्या पुस्तकांमुळे सगळ्यांना ठाऊक असतात, पण पुढे कोणी जात नाही. नाताळसाठी दुसरं पुराण उघडा, ख्रिस्तजन्म तिथे आहे. अर्थ लावत बसू नका. ज्ञानेश्वरी म्हणतात त्या चालीत दहा-दहा ओव्या म्हणा, निम्मं कळतं आणि उरलेलं टीपांत सापडतं. विकत घेताना वा ग्रंथालयात मागताना एक सांभाळा: १९०७ ची मंगळूरची आवृत्ती रोमन लिपीत आहे. देवनागरीसाठी शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली १९५६ ची आवृत्ती मागा.

त्याच घराण्यातलं आधुनिक पुस्तक म्हणजे ‘ख्रिस्तायन’. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी सुरू केलं, त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं आणि ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झालं. भाषा ‘क्रिस्तपुराणा’पेक्षा कितीतरी सोपी.

गद्य हवं असेल तर शांता शेळक्यांचं ‘चौघीजणी’. लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा हा अनुवाद. मूळ पुस्तकाचा पहिला भाग १८६८ चा. ते सबंध नाताळचं पुस्तक नाही. नाताळ येतो तो पहिल्या दोन प्रकरणांत आणि मग थेट बाविसाव्यात, एका वर्षानंतर. डिसेंबरात तेवढीच प्रकरणं काढून वाचली तरी चालतं: स्वतःचा नाश्ता टोपल्यांत भरून दुसऱ्याच्या दारी नेणाऱ्या त्या चार मुली दुसऱ्या प्रकरणात भेटतात.

७. मुलांसाठी वयाप्रमाणे सांगाल का?

वाचता न येणाऱ्यांसाठी रेमंड ब्रिग्जचं ‘द स्नोमॅन’ (१९७८), कारण त्यात शब्दच नाहीत. चित्रांवर बोट ठेवून मराठीतच गोष्ट सांगा. दोन चुका टाळा. मोबाइलवर दाखवू नका, एका पानावर बारीक बारीक चौकटी आहेत, त्या दिसत नाहीत. आणि लेखकाचं नाव बघून घ्या, कारण याच नावाचं शब्दांत लिहिलेलं वेगळं पुस्तकही बाजारात आहे.

चार ते सात: ख्रिस व्हॅन ऑल्सबर्गचं ‘द पोलर एक्स्प्रेस’ (१९८५), आणि डॉ. स्यूसचा ‘ग्रिंच’ (१९५७). ग्रिंच यमकांचा आहे, भाषांतर करत वाचलं तर सगळी मजा जाते. इंग्रजीतच ठेका धरून म्हणा, अर्थ चित्रांतून कळतो. सांताक्लॉज खरा की खोटा हा प्रश्न घरात नाजूक असेल तर ‘द पोलर एक्स्प्रेस’ आधी स्वतः वाचून बघा, कारण त्याच्या सुरुवातीलाच सांता नसतो असं म्हणणारा मित्र आहे.

आठच्या पुढे बार्बरा रॉबिन्सनचं ‘द बेस्ट ख्रिसमस पेजंट एव्हर’ (१९७२). गावातली सहा अतिशय वांड भावंडं चर्चच्या नाताळच्या नाटकात घुसतात. ती चोऱ्या करतात, सिगार ओढतात. यावरून काही पालक बिचकतात. बिचकू नका. येशूजन्माची गोष्ट आयुष्यात प्रथमच ऐकणाऱ्या मुलांना काय प्रश्न पडतील हे इतकं नेमकं दुसरीकडे सापडत नाही.

हान्स अँडरसनपासून मात्र सावध. ‘द फर ट्री’ (१८४४) हे नाताळच्या झाडाचं चरित्र आहे आणि झाडाचं शेवटी सरपण होतं. गोष्ट उत्तम आहे, पण झोपताना वाचायची नव्हे.

८. रोज थोडं थोडं, १ ते २४ डिसेंबर असं वाचायला काय घ्यावं?

यूस्टाइन गॉर्डरचं ‘द ख्रिसमस मिस्टरी’ (मूळ नॉर्वेजियन, १९९२) याच हिशेबानं लिहिलेलं आहे. चोवीस प्रकरणं, रोज एक. गोष्टही अशाच चोवीस खिडक्यांच्या दिनदर्शिकेची. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्या. चार दिवस साठले की मात्र उत्साह संपतो, तेव्हा प्रवास ठरलेला असेल तर पुस्तक बरोबर घ्या.

टोल्कीननं आपल्या मुलांना १९२० ते १९४३ या काळात सांताच्या नावानं लिहिलेली पत्रं हा दुसरा पर्याय, रोज रात्री एक. यात पेंधळं ध्रुवीय अस्वल आहे आणि त्याचं गिचमिड अक्षर. १९७६ ची पहिली आवृत्ती निवडक होती. पुढे ‘लेटर्स फ्रॉम फादर ख्रिसमस’ या नावानं निघालेली भरगच्च आहे, तीच घ्या.

लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय चोवीस, म्हणून रोज एक वाचायची पद्धतही सध्या पसरली आहे. हिशेब जुळतो, पण गंमत लक्षात घ्या: येशूचा जन्म २ डिसेंबरला होऊन जातो आणि २४ ला तुम्ही पुनरुत्थानापाशी असता. नाताळची रात्र साधायची असेल तर पुढचा प्रश्न पाहा.

९. आम्ही ख्रिस्ती नाही. मूळ कथा वाचायची तर बायबलमध्ये नेमकं कुठे पाहायचं?

दोनच जागा. लूक, अध्याय २, वचनं १ ते २०: शिरगणती, बेथलेहेम, गव्हाणी, मेंढपाळ. मत्तय, अध्याय २, वचनं १ ते १२: तारा, हेरोद राजा, पूर्वेकडचे ज्ञानी लोक. दोन्ही मिळून दहा मिनिटं. देखाव्यांत मेंढपाळ आणि ज्ञानी लोक एकत्र उभे असतात, पण ग्रंथात ते वेगवेगळ्या शुभवर्तमानांत आहेत. आणि ज्ञानी लोक ‘तीन’ होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही. भेटवस्तू तीन, त्यावरून माणसं तीन झाली.

मराठी भाषांतरांत चव घेऊन तुलना करायची असेल तर पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं, त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं भाषांतर आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ शेजारी ठेवा. पहिल्यांदाच वाचणाऱ्यानं सरळ दिब्रिटोंपासून सुरू करावं.

१०. नाताळात भुतांच्या गोष्टी का वाचतात?

थंडीतल्या लांब रात्री, शेगडीभोवती बसलेली माणसं आणि गप्पा. इंग्लंडात ही रीत डिकन्सच्याही आधीची. त्यानं तिला छापखान्यात आणलं. ‘पिकविक पेपर्स’मध्येच त्यानं भुतं पळवून नेतात अशा थडगी खणणाऱ्या खडूसाची गोष्ट घातली आहे, तो स्क्रूजचा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही. पुढे एम. आर. जेम्स केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना स्वतःच्या भुतकथा वाचून दाखवत असे. त्याचा पहिला संग्रह १९०४ चा. त्या गोष्टींत नाताळ शोधू नका, बहुतेकींत नसतो. दिवे मंद करून एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हाच त्यातला नाताळ.

११. रहस्यकथा चालतील?

उत्तम चालतील. ‘द ब्लू कार्बंकल’ ही शेरलॉक होम्सची नाताळकथा आहे, २७ डिसेंबरला सुरू होते, हंसाच्या पोटात निळं रत्न सापडतं आणि रक्ताचा थेंब सांडत नाही. अगाथा ख्रिस्तीचं ‘हर्क्युल प्वारोज ख्रिसमस’ (१९३८) याच्या बरोबर उलट. मेव्हण्यानं तक्रार केली की तुझे खून फार सोज्ज्वळ होत चालले, म्हणून तिनं मुद्दाम रक्तबंबाळ खून लिहिला. त्याचे भाग २२ ते २८ डिसेंबर असे तारखांनी पाडले आहेत, त्या त्या तारखेला तो तो भाग वाचता येतो, पण इतका संयम कोणाला राहत नाही. अमेरिकी आवृत्त्यांत हेच पुस्तक ‘मर्डर फॉर ख्रिसमस’ आणि ‘अ हॉलिडे फॉर मर्डर’ या नावांनी आहे. दोन्ही विकत घेऊन फसू नका.

१२. नाताळची म्हणून सांगतात, पण नसतात अशी कुठली?

अँडरसनची ‘द लिटल मॅच गर्ल’: ती थर्टी फर्स्टच्या रात्री घडते. ‘द स्नोमॅन’च्या मूळ पुस्तकात नाताळ नाही, तो १९८२ च्या चित्रपटात आला. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये नावापुरताच. ‘नटक्रॅकर’ नाताळचीच, पण बॅले पाहून हॉफमनची १८१६ ची कथा घेणारे गोंधळतात: तिथे मुलीचं नाव मारी आहे, क्लारा हे बाहुलीचं नाव.

१३. सणाच्या दिवसांत मन उदास असतं. सगळा आनंदीआनंद वाचवत नाही.

मग क्लेअर कीगनचं ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१). आयर्लंडमधलं न्यू रॉस, १९८५ चा डिसेंबर, पाच मुलींचा बाप असलेला कोळशाचा व्यापारी, आणि मठात कोळसा टाकायला गेल्यावर दिसलेली गोष्ट. शंभरेक पानं. ते उपदेश करत नाही, सांत्वनही करत नाही, आणि म्हणूनच अशा दिवसांत सोबत करतं. ट्रुमन कपोटीची ‘अ ख्रिसमस मेमरी’ (१९५६) ही अशीच: सात वर्षांचा मुलगा, साठीची दूरची बहीण आणि तीस फ्रूटकेक. तिचा शेवट मात्र चटका लावणारा, हे ठाऊक असू द्या.

१४. फुकट आणि कायदेशीर कुठे मिळतील?

भारतात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. डिकन्स, ओ. हेन्री, चेकॉव्ह, अल्कॉट, अँडरसन, होम्सचा कॉनन डॉयल हे सगळे मोकळे आहेत. प्रोजेक्ट गटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर ‘कॅरोल’चा क्रमांक ४६, ऐकायचं तर लिब्रिवॉक्स. सी. एस. लुइस १९६३ मध्ये वारला, म्हणून नार्नियाचा मजकूर भारतात १ जानेवारी २०२४ पासून मोकळा आहे, पण ब्रिटनमध्ये नाही, आणि पुस्तकातली पॉलिन बेन्सची चित्रं इथेही नाहीत. भाषांतराचा हक्क वेगळा असतो: मूळ जुनं म्हणून ‘चौघीजणी’ची पीडीएफ फिरवणं कायदेशीर होत नाही.

१५. भेट द्यायचं तर कधी, कसं?

आइसलँडमध्ये २४ डिसेंबरच्या संध्याकाळी पुस्तकं देतात आणि रात्री वाचतात. दुसऱ्या महायुद्धात इतर वस्तूंची आयात अडली पण कागद मिळत होता, तेव्हापासूनची ही रीत. आपल्याकडे २४ च्या संध्याकाळी लहान पुस्तक द्या, २५ ला जाडं. चित्रांची परदेशी पुस्तकं नोव्हेंबरातच मागवा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हार्डबॅक संपतात आणि हातात येते ती लहान आकाराची पेपरबॅक, जिच्या शिवणीत अर्धं चित्र गेलेलं असतं.

१६. पंचवीस तारीख उलटून गेली. आता वाचायला उशीर झाला का?

नाही. परंपरेनं नाताळ ६ जानेवारीपर्यंत चालतो. जॉइसची ‘द डेड’ (‘डब्लिनर्स’, १९१४) याच शेवटच्या दिवसांतल्या मेजवानीची आहे, आणि ती आधी वाचण्यापेक्षा आताच वाचलेली बरी. त्यानंतर रशियन चर्चचा नाताळ ७ जानेवारीला. त्या रात्रीसाठी गोगोलची ‘नाताळची आदली रात्र’ आहे, जिच्यात सैतान चंद्र चोरून खिशात घालतो.